स्थानिक पोलीस, वंशभेद आणि राष्ट्रीय नेतृत्व

भारतात 'पोलीस' हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो, हे आपणांस ठाऊक आहेच. अमेरिकेत ही विभागणी आणखी खालच्या पातळीपर्यंत उतरते. शहर, परगणा, राज्य अशा निरनिराळ्या स्तरांवर तेथे स्वतंत्र पोलीस दले असून त्यांची संख्या १८ हजारांच्या आसपास आहे. शहरातील पोलीस शहराच्या प्रशासनाला उत्तरदायी असतात, राष्ट्राध्यक्षांना नव्हे. मग एखाद्या शहरातील पोलीस आणि कृष्णवर्णीय नागरिक यांच्या वादात राष्ट्राध्यक्षांनी पडावे काय?

१६ जुलै २००९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केम्ब्रिज शहरात हार्वर्ड विद्यापीठाचे कृष्णवर्णीय प्राध्यापक हेन्री लुई गेट्स चीनच्या प्रवासाहून घरी परतले. दार अडकले होते; ते मोटारचालकाच्या मदतीने त्यांनी जोर लावून उघडले. घरफोडीच्या शंकेने कोणीतरी पोलिसांना कळविले. आलेल्या अधिकाऱ्याशी शब्दाला शब्द वाढला आणि प्राध्यापकांना स्वतःच्याच घराच्या ओसरीवर बेशिस्त वर्तनाच्या आरोपाखाली अटक झाली. पाचच दिवसांत तो आरोप मागे घेण्यात आला.

२२ जुलैला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांची पत्रकार परिषद होती. विषय होता आरोग्यसेवेतील सुधारणा. शेवटी या अटकेविषयी प्रश्न आला. गेट्स आपले मित्र आहेत आणि सर्व तथ्ये आपणांस ठाऊक नाहीत, हे ओबामांनी आरंभीच सांगितले; तरीही पोलीस मूर्खपणाने वागले, असा शेरा त्यांनी मारला. कृष्णवर्णीय व लॅटिनो नागरिकांना पोलीस प्रमाणाबाहेर अडवतात, हा त्यांचा पुढचा मुद्दा अधिक मोलाचा होता. पण चर्चा झाली ती त्या एका विशेषणाची. पोलीस संघटना संतापल्या. दोन दिवसांनी ओबामांना आपले शब्द अधिक तोलून वापरता आले असते अशी कबुली द्यावी लागली, आणि ३० जुलैला प्राध्यापक व पोलीस अधिकारी या दोघांना व्हाइट हाउसमध्ये बिअरपानासाठी बोलावून प्रकरण मिटविण्यात आले. आरोग्यसेवेचा विषय त्या आठवड्यात मागे पडला तो पडलाच.

यावरून नेत्याने मौनच पाळावे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यापासून रोखण्यासाठी खुद्द राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याचे नॅशनल गार्ड दल उभे केले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हे मुळात अशा हस्तक्षेपास अनुत्सुक होते. परंतु शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निर्णय धाब्यावर बसविला जात होता. अखेर त्यांनी १०१ वी हवाई तुकडी पाठविली आणि नॅशनल गार्ड दल संघसरकारच्या ताब्यात घेतले. येथे स्थानिक सत्ताच अन्यायाची पाठराखण करीत होती. दिल्या घेतल्या वचनांचा नव्हे, तर नागरिकाच्या घटनादत्त हक्काचा प्रश्न होता. अशा वेळी 'हा स्थानिक प्रश्न आहे' असे म्हणणे म्हणजे बलवानाची बाजू घेणेच होय.

या दोहोंमधील एक मार्ग १९९४ च्या कायद्याने खुला झाला. लॉस एंजेलिस येथे १९९१ साली रॉडनी किंग यांना पोलिसांनी केलेल्या मारहाणीची पार्श्वभूमी त्यास होती. एखादे पोलीस दल सातत्याने नागरिकांचे हक्क डावलत असेल, तर त्यावर दावा लावण्याचा अधिकार संघसरकारच्या न्याय खात्यास मिळाला. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने ठार झाल्यावर या अधिकाराचा उपयोग झाला. मार्च २०१५ मध्ये न्याय खात्याने दोन अहवाल दिले. पहिल्यानुसार त्या अधिकाऱ्यावर संघीय खटला भरण्याइतका पुरावा नव्हता. दुसऱ्याने मात्र दाखवून दिले की शहराची तिजोरी भरण्यासाठी दंडवसुलीवर भर दिला जात होता आणि त्याचा जाच प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना होत होता. एका व्यक्तीचा दोष आणि व्यवस्थेचा दोष यांचा असा वेगवेगळा निवाडा पत्रकार परिषदेतील एका वाक्याने होणे शक्य नव्हते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. लिटल रॉक आणि केम्ब्रिज येथील हस्तक्षेपांत मूलभूत फरक कोणता, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. ओबामांनी पत्रकार परिषदेतील प्रश्नास उत्तर देण्याचे टाळले असते, तर ते योग्य ठरले असते काय? सकारण चर्चा करा.