घात डिलीटने नाही, कॉपीने होतो

पुण्यात धायरी फाट्याकडून आत वळलं की लहान लहान वर्कशॉप लागतात. त्यांतल्या काहींत वायरकट मशिनशेजारी अजूनही डॉसवर चालणारा पीसी आहे. मशिन ठणठणीत, तिचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही आणि नवा कंट्रोलर मालकाला परवडत नाही, म्हणून डॉस. असे पीसी चालू ठेवणं हा माझा धंदा. त्यामुळे नव्या ऑपरेटर पोरांना डॉस शिकवण्याचं कामही आपसूक माझ्याच गळ्यात पडलं.

पोरं डेल आणि फॉरमॅटला घाबरतात. घाबरावंच. पण सगळी डिरेक्टरी पुसायला निघालात तर डॉस आधी 'नक्की का?' म्हणून वाय-एन मागतो. शिवाय डेलने फाइलचा मजकूर लगेच जात नाही. नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं, जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, इतकंच. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर आशा असते. १९९१ साली डॉस ५ बरोबर आलेली अनडिलीट कमांड ते पहिलं अक्षर तुम्हालाच विचारते, ते यामुळेच.

कॉपी मात्र गुपचूप काम करते. एका वर्कशॉपमध्ये ट्रायल घेऊन पंचाच्या प्रोग्रॅममधला ऑफसेट सुधारला होता. सुधारलेली प्रत हार्ड डिस्कवर, फ्लॉपीत जुनीच. बॅकअप घ्यायला सांगितलेल्या पोराने 'कॉपी ए: स्टार डॉट स्टार' एवढंच टाइप केलं. कुठे न्यायचं ते लिहिलं नाही, तर डॉस आपण उभे असतो तिथेच आणून ठेवतो. फ्लॉपीतल्या जुन्या फायली त्याच नावाच्या नव्या फायलींवर जाऊन बसल्या. पडद्यावर फायली कॉपी झाल्याचा संदेश आला, पोरगं खूश. हार्डन केलेला डी-टू पोलादाचा ठोकळा जुन्या मापाने कापला गेला तेव्हा मला फोन आला, "सर, आम्ही डिलीट काहीच केलं नाही हो." खरंच बोलत होता. म्हणूनच अनडिलीटचा उपयोग झाला नाही. फाइलची नोंद जागेवर होती, आतला मजकूर तेवढा जुना.

तेव्हा आधी व्हर मारून आवृत्ती बघा. ६.२ पासून कॉपी त्याच नावाच्या फाइलवर लिहिण्याआधी विचारते, त्याआधीच्या डॉसमध्ये विचारत नाही. आणि ६.२ असला तरी बॅच फाइलमधून चालवलेली कॉपी विचारत नाही. त्यासाठी ऑटोएक्सेकमध्ये 'सेट कॉपीसीएमडी=/-वाय' ही ओळ टाका. पडद्यावर नुसतं सी दिसत असेल तर तिथेच 'प्रॉम्प्ट $पी$जी' लिहा, म्हणजे आपण कोणत्या डिरेक्टरीत आहोत ते कायम समोर राहील. कॉपीत 'कुठून' आणि 'कुठे' दोन्ही पूर्ण लिहायचं, आळस करायचा नाही. पास झालेल्या प्रोग्रॅमवर 'ॲट्रिब प्लस आर' लावा, मग त्याच्यावर कॉपी बसवायला गेलात तर डॉस नकार देतो. मला विचाराल तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे एक करा.

आणखी एक खोडी आहे, ती पुस्तक वाचून कळत नाही. सगळे प्रोग्रॅम 'बॅकअप' नावाच्या डिरेक्टरीत पाठवायचे आहेत, पण ती डिरेक्टरीच केलेली नाही. डॉस तक्रार करत नाही. तो 'बॅकअप' नावाची एकच फाइल बनवतो आणि सगळे प्रोग्रॅम एकापाठोपाठ एक तिच्यात ओततो. पडद्यावर नावांची भली मोठी रांग जाते आणि खाली आकडा येतो १. पोरं रांग बघतात, आकडा बघत नाहीत. म्हणून आधी एमडी, मग कॉपी, मग त्या डिरेक्टरीत जाऊन डिर.

सराव मशिनच्या पीसीवर करू नका. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला फ्रीडॉस फुकट मिळतो, लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशिनमध्ये चालतो. तिथे खुशाल उलटी कॉपी मारून बघा.