ऑइल एंजिनास तेल सुटण्याची वेळ

विहिरीवरील ऑइल एंजिन नीट चालेनासें झालें म्हणजे आपण मिस्त्रीस बोलावितों, व तो तेलाचा पंप सोडून धुतो. पंप परत बसवितांना तेल सुटण्याची वेळ पूर्वीचीच राहिली कीं नाहीं, हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. ती मालकास स्वतः पडताळतां येते, म्हणून तिची रीत येथें देत आहें.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या वर येतांना हवा दाबली जाऊन इतकी तापते कीं, तींत उडालेलें तेल आपोआप पेटतें. पेटण्यास किंचित् अवधि लागतो. म्हणून दट्ट्या माथ्यास पोहोंचण्यापूर्वींच तेल सुटावें लागतें. मिनिटास ६५० फेरे घेणाऱ्या, ६ अश्वशक्तीच्या लिस्टर धर्तीच्या एंजिनांत (राजकोटास अशीं पुष्कळ तयार झालीं) तेल २० अंश आधीं सुटतें. म्हणजे सेकंदाचा सुमारें दोनशेवा भाग. इतर एंजिनांचा अंश त्यांच्या पुस्तकांत पाहावा. शेजाऱ्याचा आंकडा उसना घेऊं नये.

अंश मोजण्यास सुतळी पुरते. मोठ्या चाकाचा घेर ७२ इंच भरला, तर २० अंशांचे ४ इंच होतात. हें साधें त्रैराशिक आहे. चाकावर माथ्याची खूण असतेच. चाक फिरतांना तिच्या आधीं समोर येईल अशा बाजूस ४ इंचांवर खडूनें दुसरी खूण करावी.

आतां टांकीचा कॉक बंद करून नॉझलची नळी काढावी. पंपाच्या माथ्यावरील डिलिव्हरी व्हॉल्व्ह व स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटींत ठेवावीं, चिंधीनें पुसूं नयेत. वरचा नट पुन्हा बसवावा. पंपाचा दांडा पूर्ण तेलावर ठेवून कॉक उघडावा, म्हणजे तेल आपल्या वजनानें वाहूं लागेल. एंजिन चालतें त्याच दिशेनें चाक हळूहळू फिरवावें. धार बारीक होऊन थांबेल तीच तेल सुटण्याची वेळ. पहिल्या फेऱ्यांत धार न थांबल्यास दुसऱ्यांत थांबेल, कारण पंप दोन फेऱ्यांत एकदांच चालतो. खडूची खूण समोर येण्यापूर्वींच थांबली तर वेळ लवकर, ओलांडून गेल्यावर थांबली तर उशीर. चाक पुढें गेल्यास पाव फेरा मागें घेऊन पुन्हा यावें.

कांहीं एंजिनांत पंपाखालीं पत्र्याच्या बारीक चकत्या असतात. चकती वाढविल्यास तेल उशिरा सुटतें, काढल्यास लवकर. जेथें टॅपेटास स्क्रू असतो, तेथें तो उंच केल्यानें वेळ लवकर होते.

माझ्याच विहिरीवर एकदां मिस्त्रीनें चकत्या घातल्याच नाहींत. कांद्यास शेवटचीं दोन पाणीं राहिलीं होतीं. एंजिनाचा खणखणीत ठोका ऐकून मला तें त्यास आलेलें बळ वाटलें! आठ दिवसांत कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग गेलें आणि कांदा सुपारीएवढा राहिला. चकत्या मागाहून घासलेटाच्या वाटींत सांपडल्या.

उशीर झाल्यास याच्या उलट एंजिन मंद होतें, धूर टाकतें व तेल अधिक खातें. तथापि खराब नॉझलनेंहि ठोका व धूर होतात, यास्तव आधीं नॉझल तपासावें. तें उडवून पाहतांना फवाऱ्यासमोर हात कदापि धरूं नये. तेल कातडींत शिरतें, आणि अशी जखम लहान दिसली तरी तत्काळ डॉक्टरांकडे जावें लागतें.