शँपेनमधील एक द्राक्षमळा

फ्रान्सच्या ईशान्येस मार्न नदीच्या खोऱ्यात आई नावाचे गाव आहे. तेथील हवामान थंड असून मातीखाली खडूचा थर आहे. या गावी १८२९ साली स्थापन झालेले बोलिंजर हे मद्यनिर्मितीगृह आजही घराण्याच्याच मालकीचे आहे. १९४१ साली पतीच्या निधनानंतर लिली बोलिंजर यांनी त्याचा कारभार हाती घेतला व १९७१ पर्यंत सांभाळला.

द्राक्षरसातील साखरेवर यीस्ट या सूक्ष्मजीवाची क्रिया होऊन अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतात. यासच किण्वन म्हणतात. बोलिंजर यांच्याकडे रसाच्या काही भागाचे किण्वन जुन्या ओक लाकडाच्या पिंपांत करण्याची रीत अद्याप टिकून आहे. शँपेनचे वैशिष्ट्य पुढील टप्प्यात आहे. तयार मद्यात साखर व यीस्ट घालून बाटल्या घट्ट बंद केल्या जातात व बाटलीतच दुसरे किण्वन होते. लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घातली असता सुमारे सहा वातावरणांइतका दाब उत्पन्न होतो. वायूस बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे तो मद्यात विरघळून राहतो; बाटली उघडताच फेस येतो तो यामुळेच.

एकोणिसाव्या शतकात या परंपरेच्या मुळावरच घाला आला. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर फायलोक्झेरा नावाची अतिसूक्ष्म कीड युरोपात शिरली. ती मुळांतील रस शोषते. जखमांतून बुरशी शिरते, मुळे कुजतात आणि वेल वाळते. १८६८ साली प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने फ्रान्समधील वेली वाळण्याचे कारण ही कीडच असल्याचे ओळखले. १८९० साली ती शँपेन प्रांतात आढळली. अमेरिकेतील अनेक रानवेलींची मुळे मात्र या किडीस तोंड देऊ शकतात. म्हणून अशा मुळांवर युरोपीय वेलींची कलमे बांधण्यात आली व द्राक्षशेती वाचली.

बोलिंजर यांनी आई येथील दोन लहान तुकड्यांत मात्र कलम न केलेल्या वेली राखल्या आहेत. त्यांची वाढ दाबकलमाने करतात. वेलीची फांदी वाकवून मातीत पुरली, की तिला मुळे फुटतात व नवी वेल सिद्ध होते. अशा वेली ओळीत राहत नाहीत, दाटीवाटीने वाढतात. त्यामुळे तेथील बहुतेक कामे हातानेच करावी लागतात. या वेलींच्या द्राक्षांचे स्वतंत्र मद्य प्रथम १९६९ च्या हंगामात करण्यात आले. पूर्वी असा तिसरा तुकडाही होता; परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो किडीस बळी पडला. दाबकलमाने वेलीचा वंश टिकतो, परंतु नवी मुळेही त्याच युरोपीय वेलीची असतात. किडीपासून त्यांस संरक्षण मिळत नाही. उरलेल्या दोन तुकड्यांवरील धोका म्हणूनच टळलेला नाही.

महाराष्ट्रातील बागाईतदारही आज डॉगरिज या अमेरिकी मूळच्या खुंटावर द्राक्षांची कलमे करतात. येथे हेतू निराळा असतो: क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई यांस तोंड देणे. फळ एका वेलीचे व मूळ दुसरीचे, ही युक्ती मात्र दोन्हीकडे एकच आहे.