मारधाडीचे जुने सिनेमे आणि नववीचे ‘गतीचे नियम’



पालकसभेत मोबाइलची तक्रार काही नवीन नाही. पण नववीतल्या एका मुलाच्या आईची तक्रार जरा वेगळी होती. “मॅडम, गेम खेळला असता तर समजलं असतं. हा सारखे जुने फायटिंगचे पिक्चर बघतो. त्याच्या पप्पांच्याही जन्माआधीचे!” चौकशी केली तर यादी निघाली: शोले, दीवार, काला पत्थर, कुली, आणि मराठीत महेश कोठारेंचा धडाकेबाज. अभ्यासात मुलगा बेताचा. पण कुठल्या उडीत हिरोचा चेहरा कॅमेऱ्यापासून लपवलाय, हे तो अचूक सांगतो.

आपल्या पट्ट्यात ही आवड कुठून येते, ते आधी बघू. १९६०च्या दशकात पिंपरी-चिंचवडला एमआयडीसी आली. आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को उभी राहिली. सातारा, सांगली, मराठवाडा, कोकणातून तरुण पोरं आली, कॉट बेसिसवर राहिली. रविवारची करमणूक म्हणजे पिक्चर. ती पोरं आता आजोबा झालीत. पुढची पिढी चाकण, महाळुंगे, निघोज्याच्या कंपन्यांत शिफ्टला जाते. आई सकाळी, वडील रात्री. संध्याकाळी घरात उरतात आजोबा आणि नातू, आणि दोघांमध्ये एक मोबाइल. नातवाला कार्टून नको असतं, आजोबांना रील्स कळत नाहीत. मग दोघांना चालेल असं काय? अमिताभ! त्यामुळे “हे वेड कुठून लागलं” असं विचारणाऱ्या पालकांना मी आधी घरातली संध्याकाळ बघायला सांगते.

त्या मुलाला मी विचारलं, “तुला ह्यात आवडतं काय?” तो म्हणाला, “मॅडम, ह्यात माणूस खरंच पडतो. नवीन पिक्चरमध्ये पडल्यासारखं वाटतच नाही.”

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं, कारण ते विज्ञानाचं निरीक्षण आहे. वजन असलेली वस्तू कशी पडते, हे आपल्या डोळ्यांना लहानपणापासून माहीत असतं. संगणकावर केलेल्या दृश्यात वजनाचं गणित जरा चुकलं तरी मुलांना ते खटकतं. का खटकलं हे सांगता येत नाही, एवढंच. सांगता यावं म्हणून तर नववीच्या विज्ञानाचा पहिला धडा आहे, ‘गतीचे नियम’. हा धडा आपण फळ्यावर गाडी काढून शिकवतो: गाडी स्थिर आहे, ४ सेकंदांनी तिचा वेग इतका झाला, तर त्वरण काढा. मुलं काढतात आणि विसरतात. या वर्षी मी गाडी बाजूला ठेवली आणि पडणारा माणूस घेतला.

पहिला तास मोजण्याचा. जुन्या सिनेमातलं गच्चीवरून पडण्याचं एखादं दृश्य घ्यायचं आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघायचं, पडद्यावर पडायला किती वेळ लागतो. आमच्या वर्गाने मोजलेला वेळ आला ४ सेकंद. अंतर म्हणजे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, त्याचं निम्मं. त्वरण ९.८ धरलं की उत्तर येतं ७८ मीटर, म्हणजे पंचवीस-सव्वीस मजले. सिनेमातली इमारत होती तीन मजली! वर्ग हसला. आता उलटं गणित: तीन मजले म्हणजे ९ मीटर धरले तर पडायला किती वेळ लागेल? साधारण १.४ सेकंद. मग उरलेले अडीच सेकंद कुठून आले? इथे मुलांनीच उत्तरं शोधली. एक तर दृश्य संथ गतीने दाखवलंय. सेकंदाला २४ चित्रं हा सिनेमाचा नेहमीचा वेग. चित्रीकरणाच्या वेळी त्याहून जास्त चित्रं घेतली की पडद्यावर हालचाल संथ होते, कमी घेतली की झपाट्याने होते. मारामारीतले ठोसे एवढे चपळ दिसतात ते बऱ्याचदा यामुळेच. दुसरं, एकच पडणं तीन बाजूंनी घेऊन तुकडे जोडलेत. जुन्या सिनेमात सगळं खरं असतं, हा मुलाचा समज इथे थोडा ढिला झाला आणि त्याला ते आवडलंही. फसवणूक पकडण्यातही मजा असतेच की.

दुसरा तास अंड्यांचा. सुमारे ५ मीटर उंचीवरून काहीही सोडलं की ते एका सेकंदात जमिनीवर येतं आणि टेकताना त्याचा वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास असतो. हा आकडा फळ्यावर मोठा लिहा, कारण आपली मुलं बाइकवर याहून जोरात जातात. एक अंडं सोडलं फरशीवर, एक स्पंजवर आणि एक रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थरावर. चाकणमध्ये खोक्यांना तोटा नाही. फरशीवरच्या अंड्याचं काय झालं ते सांगायला नको. खोक्यांवरचं वाचलं.

का वाचलं? “खोकी मऊ असतात” हे उत्तर अपुरं आहे. खोकी एकेक करून चेपत गेली आणि अंड्याला थांबायला अर्धा मीटर मिळाला. याचा हिशोब सोपा आहे आणि मुलांच्या लक्षात राहतो: पडण्याचं अंतर भागिले थांबण्याचं अंतर. ५ मीटर पडून अर्ध्या मीटरमध्ये थांबलं, तर थांबतानाचं सरासरी मंदन गुरुत्व त्वरणाच्या १० पट. तेच १ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर ५०० पट. अंडं तेच, उंची तीच, वेगही तोच. जुन्या सिनेमातले स्टंट करणारे लोक खोक्यांच्या आणि गाद्यांच्या थरांवर उड्या मारायचे, ते या हिशोबावर विसंबून. वहीत न मांडताही हिशोब पक्का असायचा, कारण चुकला तर पैसे मोडलेल्या हाडांनी फेडावे लागायचे.

इथून मुलांना घराकडे वळवता येतं. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो, तो काय करतो? डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर मिळवून देतो. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपेल असाच का बनवतात? आत बसलेल्यांना थांबायला जास्त अंतर मिळावं म्हणून. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या व्हेंडर कंपन्यांत आहेत. “म्हणजे पप्पा जे दाबतात ते चेपण्यासाठीच असतं?” असं एका मुलीने विचारलं. काही भाग चेपायला आणि काही अजिबात न चेपायला, हे तिला वडिलांकडूनच समजून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने आणलेलं उत्तर पुस्तकापेक्षा चांगलं होतं.

आता मारधाडीच्या सिनेमाबद्दल पालकांना वाटणाऱ्या खऱ्या भीतीकडे येते. मुलगा नक्कल करेल, ही ती भीती. ती खोटी नाही. रात्री रिकाम्या रस्त्यावर पुढचं चाक उचलून बाइक चालवणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण सिनेमा बंद करून ती थांबत नाहीत. मला उपयोगी वाटली ती उलटी वाट: पडद्यावर जे दिसत नाही, ते दाखवायचं.

कुलीचंच घ्या. २६ जुलै १९८२ रोजी बंगळुरूला चित्रीकरणात मारामारीच्या एका दृश्यात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला टेबलाचा कोपरा लागला. उडी ठरलेली होती, जागा ठरलेली होती. चूक काही इंचांची. त्यातून ते मरता मरता वाचले. १९८३ मध्ये सिनेमा आला तेव्हा नेमक्या त्या जागी चित्र थांबवून प्रेक्षकांना दाखवलं, की दुखापत झाली ती इथे. मारधाडीच्या सिनेमाने स्वतःच थांबून “हे खरं लागलं होतं” असं सांगण्याची दुसरी जागा माझ्या तरी पाहण्यात नाही. हे दृश्य मुलांना जरूर दाखवा.

शोलेतला बसंतीचा टांगा सगळ्यांना आठवतो. त्यातले धोक्याचे प्रसंग हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण यांनी केले आणि टांगा उलटण्याच्या प्रसंगात त्या जखमी झाल्या. स्टंट करणाऱ्यांच्या संघटनेत तेव्हा बाई म्हणजे अपवादच. त्यांचं नाव वर्गात कुणालाही माहीत नव्हतं, आजोबांनाही नसेल. मुलींना हे विशेष भावलं, म्हणून मी आणखी मागे गेले. १९३५ चा हंटरवाली, वाडिया मूव्हीटोनचा. त्यातली नाडिया, ऑस्ट्रेलियात जन्मलेली, सर्कशीत काम केलेली. पुढच्याच वर्षीच्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करते, डुप्लिकेटशिवाय. आणि त्याही आधी मूकपटांच्या काळात आपले कोल्हापूरकडचे मास्टर विठ्ठल तलवारबाजीने थिएटर दणाणून सोडत होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाचे नायकही तेच. मारधाडीचा सिनेमा अमिताभपासून सुरू झाला असं आजोबा सांगत असतील, तर एवढी दुरुस्ती करायला हरकत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर वर्गात एक प्रश्न विचारला: “तुमच्या घरात स्टंट कोण करतं?” आधी हशा. मग एक मुलगा हळूच म्हणाला, “काका. त्यांची दोन बोटं प्रेसमध्ये गेली.” वर्ग गप्प झाला.

पॉवर प्रेसला दोन बटणं का असतात, हे आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं. दोन्ही हात दोन बटणांवर असतील तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण टार्गेट गाठायचं असतं, तेव्हा कुठे कुठे एक बटण कायमचं दाबून ठेवण्याची युक्ती केली जाते. एक हात मोकळा होतो, काम जलद होतं, आणि एक दिवस तो मोकळा हात आत असतो. खोक्यांचा एक थर कमी लावून उडी मारण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे टाळ्या वाजत नाहीत. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, कंपन्यांच्या गेटवर सप्ताहाचे फलक लागतात. मुलांची पोस्टर्स नेहमी ‘सुरक्षा हाच मंत्र’ छापाची असतात. यंदा आमच्या वर्गाने दोन बटणांची आकृती काढली आणि खाली खोक्यांचा हिशोब लिहिला. एका वडिलांनी त्याचा फोटो काढून शॉपमध्ये लावतो म्हणून नेला.

विज्ञानाच्या पलीकडेही या सिनेमांत बरंच आहे. ते इतिहास-नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी बघावं. दीवारमधला बाप कामगार पुढारी असतो आणि बायकामुलांचा जीव वाचवण्यासाठी कामगारांविरुद्ध सही करतो. मोठा मुलगा पुढे गोदीत हमाल होतो आणि हप्ता घेणाऱ्यांना एकटा लोळवतो. हे बघून झाल्यावर आजोबांना विचारायला सांगा, की तुमच्या वेळी कंपनीत भांडण झालं तेव्हा कोण एकटा लढला? सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यापाशी हजारोंनी उपोषणाला बसले होते आणि पोलिसांनी रात्रीच्या वेळी त्यांना तिथून उचललं. त्या संपाबद्दल आजही एकाच गल्लीत दोन मतं ऐकू येतात. मुलांनी दोन्ही ऐकावीत. काला पत्थरमागे २७ डिसेंबर १९७५ ची धनबादजवळच्या चासनाला खाणीतली दुर्घटना आहे. खाणीत पाणी घुसून सुमारे पावणेचारशे कामगार गेले. पडद्यावर नायक लोकांना वाचवतो. चासनालात तसं कुणी आलं नाही.

शोलेचा शेवट हा तर वादसभेसाठी तयार विषय. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. सिनेमा १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला, तेव्हा आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही. म्हणून पोलीस येऊन गब्बरला नेतात असा शेवट करावा लागला. मूळ शेवट असलेली दुरुस्त केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. कुठला शेवट योग्य, यावर आमच्या वर्गाचे बरोबर दोन तट पडले. बदलायला लावणं योग्य होतं का, हा त्याहून अवघड प्रश्न मी दहावीसाठी राखून ठेवलाय.

पालकांना एक स्पष्ट सांगते. या सिनेमांतली मला खटकणारी गोष्ट ठोसे ही नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कितीतरी सिनेमांत बहिणीवर किंवा नायिकेवर अत्याचार दाखवायचा आणि तेवढ्याच्या जोरावर नायकाला चिडवायचं, ही ठरलेली रीत होती. ती दृश्यं लांबवलेली असतात आणि त्यात बाईचं मन कुणी विचारत नाही. आजोबांबरोबर बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलासमोर ते येतं, तेव्हा आजोबा खाकरतात आणि दोघं मोबाइलकडे बघत राहतात. ते दृश्य पुढे ढकला आणि का ढकललं ते दोन वाक्यांत सांगा. वडिलांना जमत नसेल तर आईने, आईला जमत नसेल तर आम्हाला सांगा. पूर्ण सिनेमा वर्गात लावायची गरजही नाही. पाच मिनिटांचा तुकडा पुरतो, आणि तो आपण आधी स्वतः बघून ठेवावा.

अंड्याचा प्रयोग करणार असाल तर काही व्यावहारिक सूचना. वर्गातली काही मुलं अंडं हाताळत नाहीत, त्यांच्यासाठी पाण्याने भरलेले छोटे फुगे ठेवा. फुटणं-न फुटणं तितकंच स्पष्ट दिसतं. गच्चीच्या कठड्याशी फक्त शिक्षक उभे राहतील, मुलं सगळी खाली, खडूच्या रेषेबाहेर. खोकी मोठी नकोत, बुटांच्या खोक्याएवढी घ्या, चिकटपट्टी न लावता उघडीच रचा, किमान तीन थर. प्रत्येक गटाला एकच अंडं द्या. दुसरं मिळणार आहे असं कळलं की रचना निष्काळजीपणे होते. आणि चुकलेली अंडी पुसायला जुनी वर्तमानपत्रं आधीच आणून ठेवा, फरशी वाळली की डाग निघत नाही.