सिनेमा पाहावा का, की कसा पाहावा?



रविवारची मिस्सा संपली, की देवळाच्या आवारात एक प्रश्न हमखास कानावर येतो, “अमुक सिनेमा मुलांना दाखवायचा का हो?” विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. पूर्वी ते देणे सोपे होते. आता मॉलमध्ये पाहायला मनाई केलेला चित्रपट मुलगा रात्री पांघरुणात मोबाइलवर पाहतो. नुसत्या बंदीने भागत नाही. श्रद्धेच्या नजरेने चित्रपटाची पारख कशी करायची, हे मुलांनाही शिकवावे लागते आणि आपल्यालाही शिकावे लागते.

ख्रिस्तसभेने हा विषय फार आधी हाती घेतला. पोप पायस अकरावे यांनी 1936 साली ‘व्हिजिलांती कुरा’ हे परिपत्रक खास चित्रपटांवरच लिहिले. त्यात भर होता सावधगिरीवर. वाईट चित्रपटांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा श्रद्धावंतांनी दरवर्षी करावी, चित्रपटांची वर्गवारी करून ती लोकांना कळवावी, असे त्यात सांगितले होते. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी ‘इंटर मिरिफिका’ हे आदेशपत्र काढले. त्यातला एक मुद्दा आपण सहसा ध्यानात घेत नाही. पडद्यावर पाप दाखवले, म्हणून चित्रपट आपोआप टाकाऊ ठरत नाही. वाईटाच्या चित्रणातूनही माणूस अधिक खोलवर कळू शकतो. मात्र ते चित्रण संयमाने व्हावे, वाईटाची भुरळ घालणारे नसावे. घरात काय येते यावर आईवडिलांनी लक्ष ठेवावे, असे तिथे म्हटले आहेच. पण जे पाहिले त्यावर तरुणांनी जाणत्यांशी बोलावे, असेही म्हटले आहे. आपल्या घरांत पहिले होते, दुसरे राहून जाते.

सिनेमाला 100 वर्षे झाली तेव्हा, 1995 मध्ये, व्हॅटिकनने 45 चित्रपटांची यादी काढली. तीत ‘गांधी’ आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये पोप लिओ चौदावे यांनी चित्रपटसृष्टीतील लोकांची भेट घेतली, त्या निमित्ताने त्यांचे चार आवडते चित्रपट जाहीर झाले. त्यांत ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आहे हे कळल्यावर आमच्या गायकवृंदाला झालेला आनंद विचारू नका! आणि आपल्या मुंबईचे म्हणाल, तर दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मिळाली तीच मुळी इथे येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहून. त्यातूनच 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मला.

आता दुखऱ्या जागेकडे येऊ. ‘बॉबी’मधला (1973) बाटलीप्रेमी जॅक ब्रॅगांझा आणि ‘अमर अकबर अँथनी’मधला (1977) दारूचा गुत्ता चालवणारा अँथनी आपल्याला आवडतात. अँथनीच्या गाण्यावर आपल्या लग्नांत नाचणारे कमी नाहीत. पण आमच्या अभ्यासगटातील एका ज्येष्ठ भगिनीने सांगितले, की त्या काळी नाताळनंतर त्या ऑफिसात केक घेऊन गेल्या की सहकारी विचारत, “आणि बाटली कुठे आहे?” त्यांच्या घरात दारूला कुणी शिवत नव्हते. विचारणारे दुष्टही नव्हते. त्यांनी ख्रिस्ती घर पाहिले होते ते फक्त पडद्यावर.

2006 साली ‘द दा विंची कोड’ आला, तेव्हा मात्र आपला समाज खडबडून जागा झाला. मुंबईत निषेध झाले, काही राज्यांनी बंदी घातली. सेन्सॉर बोर्डाने चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले व कथा काल्पनिक असल्याची सूचना दाखवायला लावली. आपल्या प्रभूविषयी खोटे सांगितले, तर वाईट वाटणारच. पण शेजाऱ्याने “मग खरे काय आहे?” असे विचारल्यावर आपल्यापैकी किती जणांना शुभवर्तमान उघडून उत्तर देता आले?

त्याच भगिनीने पुढे आणखी एक प्रश्न केला. “आपल्याला दारुडे दाखवले की आपण चिडतो. दुसऱ्या धर्माच्या माणसाला प्रत्येक सिनेमात अतिरेकी दाखवतात, कामवाल्या बाईची टिंगल करतात, तेव्हा आपण काय करतो?” आम्ही सगळे गप्प बसलो. कारण आम्ही हसलेलो होतो. त्या दिवसापासून आम्ही चित्रपटात कपडे किती आणि चुंबने किती, हे मोजण्यापूर्वी एक गोष्ट पाहू लागलो. देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाकडे हा चित्रपट कोणत्या नजरेने पाहतो?

या नजरेने सईद मिर्झा यांचा ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (1980) पुन्हा पाहण्यासारखा आहे. अल्बर्ट हा मुंबईतला ख्रिस्ती मोटार मेकॅनिक. श्रीमंत गिऱ्हाइकांच्या गाड्या फिरवता फिरवता आपणही त्यांच्यातलेच, असे त्याला वाटू लागते. संपावरचे कामगार त्याला गुंड वाटतात. मग गिरणीत राबणाऱ्या त्याच्या वडिलांनाच गुंडांचा मार बसतो आणि आपला राग नेमका कुणावर असावा, हे त्याला नव्याने शिकावे लागते. पात्रांची नावे आपल्यासारखी आहेत, एवढ्यासाठी आम्ही तो सुचवत नाही. श्रमाचे स्थान भांडवलाच्या आधी आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात मांडले, ते इथे एका घरात घडताना दिसते. आपल्या लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. त्या कारखान्यांत राबलेली माणसे आजही आपल्या शेजारच्या बाकावर बसतात.

‘श्वास’ची (2004) गोष्ट ख्रिस्ती घरातली नाही. कोकणातल्या आजोबांच्या नातवाला डोळ्यांचा कॅन्सर होतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला हे सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी ते नातवाला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतात आणि डोळे आहेत तोवर जग दाखवून आणतात. यावर आमच्या गटात चांगलाच वाद झाला. काहींना आजोबांचे वागणे बेजबाबदार वाटले. इस्पितळात नोकरी करणारी एक भगिनी म्हणाली, की आपण मोठ्या रुग्णांपासूनही आजार लपवतो आणि ते बिचारे एकटेच घाबरत राहतात. त्या संध्याकाळी बायबल कुणी उघडले नव्हते, तरी गेथशेमाने बागेचा विषय आपोआप निघाला.

घरी चित्रपट पाहून झाल्यावर दहा मिनिटे टीव्ही बंद करून बसा. मुलांना आधी बोलू द्या. आपल्याला कुणाला हसायला लावले? वाईट कृत्याची किंमत शेवटी कुणी मोजली? कुणाची बाजू ऐकूच आली नाही? मुलांची उत्तरे ऐकून कधी कधी आपल्यालाच ओशाळायला होते, हा आमचा अनुभव आहे.

पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर ‘अल्बर्ट पिंटो’ एकत्र पाहण्याचा विचार आहे. लहान मुलांना आणू नये. कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांनी मात्र जरूर यावे, चर्चेत पहिल्यांदा त्यांनाच बोलायला वेळ देऊ.