मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी निश्चल

प्रश्न : आमची विजेवरची मोटार पंधरवडाभर उभी होती. मोठ्या बॅटरीत ७० टक्के चार्ज असूनही ती सुरू होत नाही. पडद्यावरचे दिवे लुकलुकतात आणि आतून टकटक आवाज येतो. दोष कोठे असावा?

उत्तर : वर्णिलेल्या लक्षणांवरून प्रथम संशय जातो तो १२ व्होल्टच्या साहाय्यक बॅटरीवर, कारण खजिना कितीही भरलेला असला, तरी किल्लेदाराच्या हुकुमाविना त्याचे दार उघडत नाही, तद्वत मोठ्या बॅटरीचा प्रवाह मोकळा करणारे कॉन्टॅक्टर आणि त्यांचे नियंत्रण करणारे संगणक या लहान बॅटरीवरच अवलंबून असतात.

गाडी बंद ठेवून मल्टिमीटरने या लहान बॅटरीचा दाब मोजावा : शिसे-आम्लाची बॅटरी सुस्थितीत व भरलेली असल्यास तो सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. १२ च्या खाली असल्यास ती रिती झाली असे समजावे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असल्यास तो साफ करून पकडी घट्ट कराव्यात. त्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आधार देऊन गाडी सुरू करावी आणि दाब पुन्हा मोजावा. तो १३.५ ते १४.५ दरम्यान चढला, तर मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आपले काम बजावीत आहे. चढलाच नाही, तर गाडी कारखान्यात न्यावी.

कन्व्हर्टर निर्दोष असूनही बॅटरी वारंवार उतरत असेल, तर तिचे वय तपासावे, तसेच डॅशकॅमसारखे मागाहून जोडलेले उपकरण गुपचूप वीज ओढीत नाही ना, याची शहानिशा करावी. नारिंगी वेष्टनाच्या तारांना मात्र कदापि हात लावू नये. त्यांतून प्राणघातक दाबाची वीज वाहते.