फोनवरचा दवाखाना : नाव विचारा, परवानगी घ्या



या महिन्याचा पाठ पैशांचा नाही, आरोग्याचा आहे. पण तो बचतीच्या वहीसारखाच काटेकोर आहे. वहीत आपण काय लिहितो? रक्कम किती, कोणी दिली, कोणी घेतली, सही कोणाची. सही नसेल तर आपण नोंद धरत नाही. फोनवर आरोग्याची जी माहिती येते-जाते तिलाही हाच नियम लावायचा आहे. वाचता येणाऱ्या ताईने हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचावा. जिथे अडेल तिथे आपल्या बोलीत समजावून सांगावा.

आधी एक प्रसंग

समजा, खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरची वीस वर्षांची मुलगी आहे. शिबिरात तिची सिकलसेलची तपासणी झाली. रिपोर्टवर ‘एएस’ असं लिहून आलं. आईला अर्थ कळेना. आई गटाची सभासद. तिने रिपोर्टचा फोटो काढला, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं, “हे काय आहे, कोणी सांगेल का?”

हेतू चांगलाच होता. उत्तरंही भराभर आली. एकीने काढा सुचवला. दुसरीने लिहिलं, “पोरीला मोठा आजार आहे.” आईने घाबरून फोटो पुसून टाकला. पण तोवर तो दुसऱ्या ग्रुपवर गेला होता. पुढच्या बाजाराला सोयरिकीची माणसं भेटली आणि त्यांनीच विचारलं, “पोरगी आजारी आहे म्हणे?”

आता खरं काय ते पाहा. ‘एएस’ म्हणजे ती मुलगी सिकलसेलची वाहक आहे, रुग्ण नाही. वाहक व्यक्ती सहसा इतरांसारखीच निरोगी असते. नवराही वाहक निघाला, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी झालेली बरी. नवऱ्या मुलाकडे ही गोष्ट कळायला हवी, यात वाद नाही. पण ती त्या मुलीच्या तोंडून कळावी, समजावणारं माणूस सोबत असताना कळावी. बाजारात कळू नये.

सिकलसेल आपल्या आदिवासी भागाचा जुना प्रश्न आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, म्हणजे तपासण्या वाढणार आणि घरोघरी रिपोर्ट येणार. वरच्या प्रसंगात दोन चुका झाल्या. उत्तर देणारीला माहिती आहे का, हे कोणी पाहिलं नाही. आणि जिचा रिपोर्ट, तिलाच कोणी विचारलं नाही. पहिली चूक नावाची, दुसरी परवानगीची. एवढी दोनच गोष्टी आज शिकायच्या आहेत.

नाव : हे सांगतंय कोण?

आपल्या नवापूर तालुक्याने हा धडा महागात घेतला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू असल्याचं निदान झालं. देशातली ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. नुकसान मोठं झालं, पण बातमीला नाव होतं. कोणी तपासलं, काय सापडलं, ते विचारता येत होतं.

मग आलं २०२०. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोनवर मेसेज फिरू लागले की चिकन खाल्ल्याने कोरोना होतो. या बातमीला ना प्रयोगशाळा होती, ना डॉक्टर, ना सही. तरी राज्यभर कोंबड्यांचे भाव कोसळले. कोंबडीतून कोरोना होत नव्हता, पण पोल्ट्रीवाल्यांचे पैसे गेले ते गेलेच. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कोणी ते भरून दिले नाहीत.

म्हणून मेसेज आला की आधी नाव शोधा. ‘फॉरवर्डेड’ असं लिहिलेलं असेल तर तो पाठवणारीने स्वतः लिहिलेला नाही. दोन बाण दिसले तर तो पुष्कळ हातांतून फिरून आला आहे. खाली “अमुक मोठ्या डॉक्टरांचा सल्ला” असं लिहिलं म्हणजे ते खरं, असं नाही. नाव कोणीही टाकू शकतं. आशाताईला किंवा उपकेंद्रात दाखवा.

“साखर मुळापासून घालवतो”, “कॅन्सर बरा करतो”, “वांझपण दूर करतो” अशा औषधांच्या जाहिरातींबद्दल तर १९५४ चा कायदाच आहे. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, स्त्रियांचं वंध्यत्व अशा ठरावीक आजारांवर औषधाने गुण येतो अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे. फोनवर केली म्हणून तो माफ होत नाही.

फोनवरचा डॉक्टर चालतो का?

चालतो. पण नियमाने.

२०१८ मधली रत्नागिरीची घटना लक्षात घ्या. बाळंतपणानंतर त्रास होऊ लागलेली एक स्त्री पुन्हा रुग्णालयात आली. डॉक्टर जागेवर नव्हते. फोनवरून उपचार सांगितले गेले. ती दगावली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. जामीन नाकारणं म्हणजे शिक्षा नव्हे. पण निदान न करता औषध देणं किती गंभीर मानलं जातं, ते सगळ्यांना कळलं. फोनवर औषध सांगावं की नाही, असा प्रश्न डॉक्टरांनाही पडला.

पुढे कोरोना आला आणि २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे, म्हणजे फोनवरून उपचार करण्याचे, नियम देशभर लागू झाले. त्यातलं आपल्या कामाचं एवढं :

१. डॉक्टरने आपलं नाव आणि पात्रता सांगितली पाहिजे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. तो विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

२. डॉक्टरही तुमचं नाव आणि वय विचारणार. ते खरं सांगा. लहान मुलाला दाखवताना मोठं माणूस सोबत हवं.

३. फोनवर भागणार नाही असं वाटलं तर डॉक्टरने “प्रत्यक्ष या” म्हणायचं. असं म्हणणारा डॉक्टर टाळाटाळ करत नाही, तो आपलं काम नीट करतो आहे.

४. सगळी औषधं फोनवर लिहून देता येत नाहीत. नशेची, सवय लागणारी काही औषधं तर अजिबात नाहीत.

५. यंत्राने डॉक्टर व्हायचं नाही. हल्ली फोनला प्रश्न विचारला की तो मराठीत गोड उत्तर देतो. शब्दाचा अर्थ कळायला ते ठीक आहे. पण रुग्णाला सल्ला देणं आणि औषध लिहून देणं हे काम नियमाने यंत्राला दिलेलं नाही. चुकलं तर जबाब द्यायला माणूस लागतो.

सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा मोफत आहे. उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी व्हिडिओवर डॉक्टर जोडून देतात. पाड्यावरून तालुक्याला जायचं म्हणजे मजुरी बुडते, भाडं लागतं. ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेल्या मैत्रिणींना तर दवाखान्याची भाषाही परकी. त्यांना घरच्या मोबाईलवरूनही ही सेवा घेता येते. तेव्हा फोनला घाबरायचं नाही, त्याचा नीट वापर करायचा.

मात्र पुढच्या वेळी फोनवर सल्ला घेत बसू नका. गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर रक्तस्राव, झटके, डोकं दुखून अंधारी येणं, छातीत दुखणं, श्वास न घेता येणं, साप चावणं, बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, सिकलसेलच्या रुग्णाला ताप आणि असह्य दुखणं. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. गरोदर व बाळंतिणीसाठी १०२ ची गाडीही आहे.

परवानगी : गोष्ट जिची, शब्द तिचा

बाईने स्वतः डॉक्टरला फोन केला तर तिची संमती त्यातच आली. पण आशाताई, अधिकारी किंवा घरचं माणूस तिच्या वतीने बोलत असेल तर तिला आधी स्पष्ट विचारायला हवं, असं नियम सांगतो. आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरंच माणूस बोलतं. फोन नवऱ्याचा, भाषा डॉक्टरची. सून मावचीत सांगते, सासू मराठीत. मधल्या मध्ये “अंगावरून पांढरं जातं” याचं “अशक्तपणा आहे” होतं. सुनेला जे सासूसमोर सांगता येत नाही, ते डॉक्टरपर्यंत पोचतच नाही.

म्हणून सोबत जाणारीने आधी विचारावं, “मी आत थांबू की बाहेर?” अर्थ सांगायला बसलात तर ती म्हणाली तेवढंच सांगा, आपल्या पदरचं घालू नका. आणि तिथे ऐकलेलं तिथेच ठेवा. मन उदास असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर ती स्वतः बोलू शकते. पण बोलायला तिला फोन आणि थोडा एकांत मिळायला हवा. तेवढं आपण करू शकतो.

आता ओटीपीबद्दल. देशातलं पहिलं आधार आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. आज आरोग्याचंही १४ अंकी ‘आभा’ खातं निघतं. आपले रिपोर्ट एका जागी राहतात, हा त्याचा फायदा. पण ते ऐच्छिक आहे. कोणी ओटीपी मागितला तर विचारा : कशासाठी? कोण बघणार? ओटीपी म्हणजे आपला अंगठा. कागद न वाचता अंगठा देऊ नये, हे आपण गटात कधीच शिकलो आहोत.

ग्रामसंघाने करायचा ठराव

१. कोणाचाही रिपोर्ट, चिठ्ठी किंवा आजारी माणसाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. शंका असेल तर आशाताईला एकटीला दाखवायचा.

२. नाव नसलेला आरोग्याचा मेसेज पुढे पाठवायचा नाही. चुकून पाठवला तर त्याच ग्रुपवर “तो चुकीचा होता” असं लिहायचं.

३. ग्रुपवर कोणी कोणाला औषध सांगायचं नाही.

४. चुकून आलेला रिपोर्ट पाहणारीने पुसायचा आणि त्याबद्दल बाहेर बोलायचं नाही.

५. उपकेंद्राच्या अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा बैठकीला बोलवायचं आणि ई-संजीवनी कशी वापरायची ते प्रत्यक्ष पाहायचं.

बैठकीत चर्चेसाठी

१. प्रसंगातल्या आईने रिपोर्ट आल्यावर काय करायला हवं होतं?

२. फोटो पुढे पाठवणारी आपल्याच गटातली निघाली तर गटाने काय करावं?

३. आता त्या मुलीची बदनामी झालीच आहे. तिच्यासाठी गट काय करू शकतो? या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या.